जिन्याच्या कठड्यावरचे टोले

सात वर्षं मी दोन बटणांवर काढली. कसला अभ्यास करतेस, असं कुणी विचारलं की सांगायचे, माणसं यंत्रं कशी वापरतात त्याचा. आई फोनवर एवढंच विचारते, संपलं का गं? नाही संपलं, आई. मीच संपत आलेय.

बटणं साधी होती. तळमजला धरून नऊ मजल्यांची जुनी इमारत, एकच लिफ्ट, ती दिवसाआड बंद. जिना चढताना म्हाताऱ्या माणसांच्या नाकी नऊ यायचे. म्हणून मी दर मजल्यावरच्या एका बाईला एक फोन दिला. त्यात ‘चालू’ आणि ‘बंद’. दिवसातून एकदा तरी लिफ्टची खबर द्यायची, म्हणजे ती सगळ्यांना कळणार. वर्षभर नऊच्या नऊ फोनांवरून रोज नोंद आली, एका दिवसाचाही खाडा नाही. तीही दुपारी दोन ते अडीचमध्ये, ओळीने. यावर मी अख्खं प्रकरण लिहिलं: कामं आटोपल्यावर बायकांना मिळणारा निवांत वेळ आणि त्यांचं यंत्राशी जुळलेलं नातं. परिषदेत टाळ्या पडल्या. नऊ घरांतल्या नऊ बायकांना एकाच अर्ध्या तासात, एकीमागून एक निवांतपणा कसा मिळतो, हा साधा प्रश्न माझ्या टाळक्यात शिरला नाही. शिकलेली ना मी!

प्रबंध शुक्रवारी द्यायचा होता. मुदत तीनदा वाढवून झालेली, चौथ्यांदा वाढवत नाहीत. मंगळवारी दुपारी शेवटच्या मुलाखतींना गेले, तर लिफ्ट बंद. तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या मावशी राहतात. त्या हातात मोठी कात्री घेऊन बाहेर आल्या आणि जिन्याच्या लोखंडी कठड्यावर दोन टोले हाणले. आवाज पार वरपर्यंत गेला. वरून कुणीतरी ‘बरं’ म्हणालं, आणखी वरून कुणीतरी लिफ्टच्या नावाने बोटं मोडली. मावशींचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. आत जाऊन त्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला. डब्यात माझे नऊ फोन. प्रत्येकाला कापडाची छोटी पिशवी शिवलेली, पिशवीवर दोऱ्याने मजल्याचा आकडा. मावशींनी चष्मा लावला आणि एकेक फोन काढून बटण दाबायला सुरुवात केली.

मी दारातून हाक मारली, तशा त्या केवढ्या दचकल्या. मग सगळं बाहेर आलं. दोन टोले म्हणजे बंद, एक म्हणजे चालू, हे वीस वर्षं चाललंय. फोन पहिल्या आठवड्यातच घरोघरी इकडेतिकडे पडायला लागले, तेव्हा दुसऱ्याची वस्तू खराब व्हायला नको म्हणून सगळे इथे जमा झाले. मग मला सांगितलं का नाही, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

“पहिल्या दिवशी तूच म्हणालीस ना, तुम्ही वापरलं नाही तर माझं सगळं फुकट जाईल? रडकुंडीला आली होतीस. म्हटलं, आपल्यामुळे पोरगी नापास नको व्हायला.”

त्यांनी केलेला चहा प्यायले आणि घरी आले.

सरांना सगळं सांगितलं. सर माझे गाईड, माणूस वाईट नाही, तेही दमलेत. ते म्हणाले, नोंदी खोट्या नाहीत, बटणं दाबली गेलीच आहेत. कोणी दाबली हे कोण विचारतंय? खरंच कोणी विचारलं नसतं. मी दोन दिवस त्या दुपारच्या नोंदींचा आलेख उघडून बसले. गुरुवारी ते प्रकरण काढून टाकलं आणि वापरणाऱ्यांच्या संख्येपुढचा नऊचा आकडा खोडून एक लिहिला. सरांनी वाचून नुसतं ‘ठीक आहे’ कळवलं. पण एकीच्या जोरावर प्रबंध उभा राहत नाही; तो न देताच शुक्रवार आला आणि गेला. सात वर्षं गेली, पदवी गेली. आईला अजून कळवलेलं नाही.

सोमवारी फोन परत आणायला गेले. मावशींनी डबा तयारच ठेवला होता, फोन पुसून, पिशव्या धुऊन. काल दुपारपर्यंत न चुकता दाबले, असंही सांगितलं. मग माझ्या तोंडाकडे बघत त्यांनी हळूच विचारलं,

“झालीस ना गं पास?”

खरं सांगायचं ठरवूनच गेले होते. पण वर्षभर रोज नऊ वेळा बटण दाबणारं ते बोट डब्याच्या झाकणावर तसंच थांबलं होतं.

“झाले,” मी म्हटलं.

मावशींनी कात्री उचलली आणि बाहेर जाऊन कठड्यावर टोल्यांमागून टोले हाणले, मोजता येईनात इतके. वरची दारं उघडली, बायका जिन्यावरून वाकून विचारायला लागल्या. मावशींनी मान वर करून सगळ्यांना माझी बातमी सांगितली. वीस वर्षांत त्या जिन्यावरून खोटी खबर कधी गेली नव्हती. मी डबा छातीशी धरून खाली उभी राहिले आणि वर बघून हसले.