कोरा नमुना

पाणी तपासायला येणारे लोक बोरटाकळीनं पुष्कळ पाहिले होते. ते यायचे, विहिरीत बाटली बुडवायचे, चहा प्यायचे आणि जायचे. पण नगरहून पाणी घेऊन येणारी, ते विहिरीच्या काठावर एका बाटलीतून दुसरीत ओतणारी आणि झाकण घट्ट लावून पुन्हा नगरला नेणारी बाई पहिल्यांदाच आली, तेव्हा गावाला हसू आवरेना.

"मॅडम, पान्याला हवापालट करायला आनलंय व्हय?" सरपंच छबूबाईंनी विचारलं.

विजयमाला गव्हाणे गावापेक्षा मोठ्यानं हसली. "याला कोरा नमुना म्हणतात, छबूबाई. हे आमच्या प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी. विहिरीचं पाणी भरताना जे जे होतं, ते सगळं याच्यावरही करायचं. उद्या यात काही सापडलं, तर समजायचं की ती घाण विहिरीतली नाही, आमच्याच हातून गेलेली."

"मंजी सोतावरच पोलीस ठिवला की तुमी!"

"ठेवावाच लागतो."

ही सवय विजयमालाला जुनीच. ती मिरजगावची. रसायनशास्त्र शिकून ती आधी एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागली होती. तिथं एके दिवशी साहेब म्हणाले, "बाई, हा आकडा जरा गोड करा." ती म्हणाली, "गोड करायला ऊस आहे, साहेब," आणि राजीनामा टेबलावर ठेवून घरी आली. घरचे चिडले, ती मात्र गाणं गुणगुणत भाकरी थापत बसली. पुढं नगरच्या एका खाजगी प्रयोगशाळेत ती पाण्यातली रसायनं मोजायला लागली, आणि हळूहळू पीफास नावाच्या कुळाच्या अशी मागं लागली की लग्नाबिग्नाचा विचार करायचा राहूनच गेला.

हे पीफास म्हणजे काय, ते तिनं पहिल्याच दिवशी गावाला समजावून सांगितलं होतं. पाणी, तेल, डाग काही चिकटू नये म्हणून तव्यांना, रेनकोटांना ही रसायनं लावतात, आणि तेलाची आग विझवायच्या फेसातही घालतात. पोटात साचत गेली तर अपाय करतात. आणि एकदा का मातीपाण्यात शिरली, की पिढ्या गेल्या तरी जायचं नाव घेत नाहीत.

"कळलं," छबूबाई म्हणाल्या. "धोंड्याच्या महिन्यातला जावई!"

बोरटाकळीच्या वरच्या अंगाला, हायवेकडं, एका कंपनीच्या तेलाच्या टाक्या होत्या. तिथं वर्षानुवर्षं आग विझवायचा सराव चालायचा. सरावाच्या दिवशी ओढ्याला गुडघाभर पांढरा फेस यायचा, आणि गावातली थोरली माणसंसुद्धा तो डोक्यावर घेऊन नाचायची. आता तोच फेस विहिरीत उतरलाय की काय, हे शोधायला पंचायतीनं विजयमालाला बोलावलं होतं. विहिरी दाखवायचं काम शाळेतले विज्ञानाचे शिक्षक वैजनाथ सुपेकर यांनी आपण होऊन अंगावर घेतलं. चाळिशीला टेकलेला, उंच, जरासा धांदरट माणूस. लग्न झालेलं नव्हतं, आणि बोलायला लागला की आधी चष्मा पुसायचा. बाटल्या धर, झाकणं सांभाळ, दोरी गुंडाळ, असं तो दिवसभर तिच्या मागंमागं होता.

चार दिवसांनी नगरच्या प्रयोगशाळेत यंत्रापुढं बसलेली रुपाली, विजयमालाची सहकारी, ओरडलीच. "ताई! सगळ्या विहिरींत आहे!"

विजयमाला धावत आली. तिचं यंत्र असं होतं, की भरलेल्या शेततळ्यात कुणी चिमूटभर मीठ टाकलं तर तेही सांगेल. पडद्यावर रेषा उभ्या राहत होत्या. ओढ्याकाठची विहीर, शाळेमागची विहीर, अगदी तेलाच्या टाक्यांच्याही वर असलेली मारुतीची विहीरसुद्धा. आणि मग शेवटची रेषा उभी राहिली.

"रुपाली, ही कुठली?"

रुपालीनं बाटलीचा नंबर पाहिला आणि कपाळाला हात लावला. "कोरा नमुना."

विजयमाला खुर्चीत बसली. तिच्याच शुद्ध पाण्यात पीफास होतं! विहिरींत जे सापडलं त्यातलं किती विहिरीचं आणि किती आपल्या हातचं, हे आता छातीठोकपणे सांगता येणार नव्हतं. रुपालीला रडू यायला लागलं. विजयमालाला मात्र, का कोण जाणे, हसू फुटलं. "अगं, पोलिसानं चोर पकडला की! आता फक्त तो कोण, ते शोधायचं."

ग्रामसभेत हे सांगणं तेवढं सोपं गेलं नाही. कंपनीचा माणूस मागं उभा राहून मिशीत हसत होता. छबूबाई उठल्या. "मॅडम, तुमी आमच्या बाजूनं हाय का त्येंच्या? रसायन सापडलंय म्हनता, आन् वरनं आकडं रद्द म्हनता!"

"तुमच्याच बाजूनं, छबूबाई. हा कागद घेऊन तुम्ही कंपनीच्या दारात गेलात, तर त्यांचा तज्ज्ञ पहिलं बोट या कोऱ्या नमुन्यावर ठेवील, आणि तुमची विहीर बाजूलाच राहील. मला पुन्हा एकदा येऊ द्या. मधल्या काळात पिण्यासाठी टँकर बोलवा."

छबूबाईंनी पदर खोचला. "या," त्या म्हणाल्या. "पर चोर घिऊन या."

मग जो काही शोध सुरू झाला, तो गावाच्या अजून लक्षात आहे. विजयमालानं हातमोजे, दोरी, बर्फाची पेटी, जीपची सीट, सगळं धुऊन त्याचं धुवण तपासलं. काही नाही. वैजनाथ गुरुजींनी उत्साहाच्या भरात गावात दवंडी दिली, की ज्या कुणाला आपल्या घरातल्या वस्तूचा संशय असेल त्यानं ती शाळेत आणावी. झालं! काळे तवे आले, छत्र्या आल्या, वेफर्सची पाकिटं आली, लिपस्टिका आल्या. एका सुनेनं सासूबाईंचा रेनकोट आणला, म्हणून सासूबाईंनी सुनेची सगळी क्रीमं आणली. रामहरी वायरमन स्वतःच येऊन उभा राहिला. "मी त्या दिशी विहिरीपशी शिंकलो हुतो, मॅडम. माझ्यात काय हाय का बघा." विजयमाला हसून हसून फळ्याला टेकली. तिच्याबरोबर वैजनाथही हसला, आणि चष्मा पुसायचं विसरला.

पण चोर काही सापडेना.

एका दुपारी डबा खाता खाता विजयमाला रुपालीच्या मोबाईलवर नमुने घेतले त्या दिवशीचे फोटो पाहत होती. ओढ्याकाठी नुसता चिखल. तिचा स्वतःचा ड्रेस गुडघ्यापर्यंत राड झालेला. रुपालीच्या ओढणीवर शिंतोडे. छबूबाईंचं लुगडं तर ओळखू येत नव्हतं. आणि मधोमध वैजनाथ गुरुजी, कोऱ्या नमुन्याची बाटली छातीशी धरून उभे. आकाशी शर्ट. त्यावर एक डाग नाही. पुढच्या फोटोत नाही, त्याच्या पुढच्यातही नाही.

विजयमालानं घास तसाच खाली ठेवला आणि फोन लावला.

"गुरुजी, त्या दिवशीचा तुमचा आकाशी शर्ट कुठं आहे?"

पलीकडून दबका आवाज आला, "का हो? चांगला दिसत नव्हता का?"

"चांगला दिसत होता. म्हणूनच विचारते. असाल तसे घेऊन या."

गावाजवळच्या मिरजगावहून एसटी पकडून वैजनाथ संध्याकाळच्या आत हजर. कॅरीबॅगमध्ये शर्ट, कॉलरला अजून दुकानाची चिठ्ठी लटकलेली. चिठ्ठीवर छापलं होतं: डाग धरत नाही, पाणी टिकत नाही. विजयमालानं बाहीचा कपटा कापला, धुतला, धुवण यंत्रात घातलं. तिघंही पडद्याकडं डोळे लावून बसले. रेषा जमिनीसारखी सपाट चालली होती, चालली होती, आणि एकाएकी उठली ती थेट कळसूबाईचं शिखर होऊन. शेजारी रुपालीनं कोऱ्या नमुन्याचा आलेख लावला. तीच रसायनं, त्याच प्रमाणात.

"सापडला!" विजयमालानं टाळी वाजवली. "गुरुजी, चोर तुम्ही!"

वैजनाथचा चेहरा इतका उतरला की तिला वाईट वाटलं. तो चष्मा काढून पुसायला लागला. "माझ्यामुळं अख्ख्या गावाचं काम वाया गेलं, मॅडम. मी असले शर्ट घालतच नाही हो. माझे सगळे साधे सुती आहेत."

"मग हा कशाला घेतलात?"

"तुम्ही येणार होता म्हणून."

रुपाली "मी चहाचं बघते" म्हणत तोंडावर ओढणी दाबून बाहेर पळाली. विजयमालाच्या हातातली काचेची नळी सुटली, फरशीवर पडली आणि फुटली. गेल्या कैक वर्षांत तिच्या हातून काही फुटलं नव्हतं. दोघंही एकदम तुकडे वेचायला वाकले, कपाळावर कपाळ आपटलं, आणि मग दोघांनाही असं हसू आलं की रुपाली चहा घेऊन परत आली तरी ते फरशीवरच बसलेले होते.

दुसऱ्या खेपेला गावानं शिस्तच लावली. छबूबाईंचा हुकूम सुटला: विहिरीजवळ येणाऱ्यानं जुनं सुती घालायचं, तोंडाला काही लावायचं नाही, पाकिटातलं काही खायचं नाही. बायकांनी ट्रंकेच्या तळातली विटकी लुगडी काढली. म्हातारे एकदम रुबाबदार दिसायला लागले, कारण त्यांचं नेहमीचंच धोतर आता नियमात बसत होतं. वैजनाथ वडिलांचा मांजरपाटाचा सदरा घालून आला. तो त्याला पोटात सैल आणि बाहीत आखूड होता. तरीही छबूबाईंनी त्याला बांधावरच्या लिंबाखाली थांबवलं.

"मास्तर, तिथनंच! पुढं आलात तर याद राखा!"

"पण हा सदरा सुती आहे, सरपंचबाई!"

"सदऱ्याचं न्हाई म्हनत मी. मॅडमचा हात थरथरतोय तुमी जवळ आलात की!"

अख्खं गाव खदखदून हसलं. विजयमालाचे कान लालबुंद झाले. तिनं डोळे मिटले, श्वास घेतला आणि कोरा नमुना ओतायला सुरुवात केली. ज्या गावानं याच पाण्याला हवापालट म्हणून हसून घेतलं होतं, ते आता देवाला नैवेद्य दाखवताना उभं राहावं तसं उभं होतं. झाकण लागलं, आणि कुणीतरी शिट्टी मारली.

नगरला यंत्र सुरू झालं तेव्हा विजयमालानं खुर्ची यंत्राकडं पाठ करून ठेवली. "तू बघ, रुपाली. मला बघवत नाही."

"ताई..."

"काय?"

"सपाट आहे. कोरा नमुना अगदी सपाट आहे!"

विजयमालानं वळून पाहिलं. रेषा पसरली होती बोरटाकळीच्या माळासारखी, एक खड्डा नाही की उंचवटा. पाठोपाठ विहिरी आल्या. मारुतीची विहीर स्वच्छ. ओढ्याकाठची आणि शाळेमागची भरलेली, आणि त्यात आग विझवायच्या फेसातली रसायनं, ओळखीच्या पाहुण्यासारखी एकेक. प्रत्येक विहिरीतून दोनदा भरलेल्या दुबार नमुन्यांचे आकडे एकमेकांना धरून. विजयमालानं रुपालीचे दोन्ही हात पकडले आणि दोघी यंत्राच्या खोलीत फुगडी खेळल्या. शेजारच्या विभागाचे साहेब दारात येऊन पाहत राहिले आणि हलकेच दार ओढून घेऊन गेले.

मग तिनं बोरटाकळीला फोन लावला. "गुरुजी! शून्य! कोऱ्या नमुन्यात शून्य!" आणि दम खाऊन, "म्हणजे शून्य असं म्हणता येत नाही खरं तर. यंत्राला दिसू शकेल त्याच्या खाली, एवढंच."

"मॅडम," पलीकडून आवाज आला, "काहीच सापडलं नाही म्हणून एवढी आनंदलेली बाई मी जन्मात पाहिली नव्हती."

कर्जतच्या तहसील कचेरीत बैठक झाली. कंपनीचा तज्ज्ञ पुण्याहून आला होता. त्यानं पानं उलटली, सुलटी केली, चष्मा बदलला. पहिली फेरी रद्द का केली, त्याचं कारणही विजयमालानं शर्टाच्या आलेखासकट जोडलं होतं. शर्ट कुणाचा, एवढंच काय ते लिहिलं नव्हतं. शेवटी त्यानं फाईल मिटली आणि आपल्या साहेबांना म्हणाला, "यात मला बोट ठेवायला जागा नाही." त्याच बैठकीत ठरलं: वरच्या स्वच्छ विहिरीवरून गावाला नळ, खालच्या विहिरींवर कंपनीच्या खर्चानं शुद्धीकरण, आणि फेसाचा सराव कायमचा बंद. छबूबाईंनी तहसीलदारांसमोरच विजयमालाला मिठी मारली.

बाहेर पडल्यावर वैजनाथ तिला समोरच्या रसवंतीत घेऊन गेला. चरकाचे घुंगरू वाजत होते. त्यानं चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

"मॅडम, माझ्याशी लग्न कराल का?"

घुंगरांच्या आवाजात तिला नीट ऐकू आलं होतं. तरी ती म्हणाली, "पुन्हा विचारा."

"लग्न कराल का माझ्याशी?"

"आणखी एकदा. दुबार मोजणी जुळली तरी मी तिसरी घेते."

"विजयमाला," तो आता इतक्या मोठ्यानं म्हणाला की चरक फिरवणाऱ्यानं चरक थांबवला, "करतेस का लग्न?"

"करते!" ती म्हणाली, आणि तिला स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही. रसवंतीवाल्यानं चरक पुन्हा सोडला, मुद्दाम दुप्पट वेगानं, आणि सगळे घुंगरू एकदम नाचायला लागले.

तिनं तिथूनच मिरजगावला आई साळूबाईला फोन केला. आईनं आधी विचारलं, मुलगा कुठला, काय करतो, घरात कोण कोण. मग जरा थांबून विचारलं, "नीट पारखलायस ना गं?"

"लई बारीक पारखलाय, आई," विजयमाला म्हणाली. वैजनाथनं चुलतभावाची मोटारसायकल मागून आणली. ती मागं बसली आणि दोघं मिरजगावच्या रस्त्याला लागले. वारा समोरून येत होता, दोन्ही बाजूंना ज्वारी डोलत होती, आणि ती काहीच कारण नसताना मोठमोठ्यानं हसत होती.