लॅबनं बिघडवलं

मनकर्णाबाईच्या लेकींच्या लग्नाचे फोटो भुरकट आले, तेव्हा चंद्रभाननं जराही न अडखळता सांगून टाकलं, "लॅबनं बिघडवलं."

अकोल्याच्या कापड बाजारात त्याचा फोटो स्टुडिओ होता. चंद्रभानचा फोकस चुकत नाही, असं गावात बोललं जाई. त्यामुळं मनकर्णाबाईनं त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला. ती बोरगाव मंजूची. त्या साली कपाशीवर लाल्या रोग पडला, म्हणून तिनं दोघी लेकींची लग्नं एकाच मांडवात उरकली होती आणि सगळ्या सोहळ्याचा एकच रोल काढला होता. ती तडक शाकीबच्या कलर लॅबमध्ये गेली आणि गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात त्याला नाही नाही ते बोलली. शाकीबनं खाली मान घालून ऐकून घेतलं. प्रिंट पुन्हा काढून दिले. तेही तसेच आले.

चंद्रभानला आतून ठाऊक होतं. त्याच्या कॅमेऱ्यात मधोमध एक गोल होता. त्यात चेहऱ्याचे दोन अर्धे दिसत आणि ते जुळले की फोकस लागला. अलीकडं ते जुळले की नाही, हे तो अंदाजानंच ठरवत होता.

नवा कॅमेरा पाहायला तो अमरावतीला गेला. अकोल्यात विचारलं असतं तर बोभाटा झाला असता. ज्याला नजर नाही त्यानं ऑटोफोकस घ्यावा, असं जन्मभर तोच सांगत आला होता. म्हणून तिथल्या कॅमेऱ्याच्या दुकानाच्या मालकीणबाईंना, बेबीताईंना, त्यानं फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरचं विचारलं. त्यांनी नवा कॅमेरा त्याच्या जुन्या कॅमेऱ्याशेजारी ठेवला.

मीटरवर मात्र तो भरभरून बोलला. त्याच्या कॅमेऱ्याचं मीटर मधल्या भागाला जास्त मान देतं. मागं मांडवाचा पांढरा पडदा असला की काटा फसतो आणि नवरी काळी पडते. मग नवरीच्या गालाजवळ जाऊन उजेड मोजायचा, आणि मागं येऊन फोटो काढायचा. नवा कॅमेरा चौकटीचे तुकडे करून प्रत्येकाचा उजेड वेगळा मोजतो, पण पडदा मोठा असला तर तोही चकतो. बेबीताईंनी सगळं ऐकून घेतलं.

"मीटरचं झालं, भाऊ. आता फोकस पाहा न."

त्यानं समोरच्या कॅलेंडरवर कॅमेरा धरला आणि बटण अर्धं दाबलं. लेन्स घुर्र करून थांबली, बारीक टिक वाजली, कोपऱ्यात फोकस लागल्याचा हिरवा ठिपका आला. कॅलेंडर धुक्यातच होतं.

"हा पीस खराब हाये," तो म्हणाला.

बेबीताईंनी कॅमेरा डोळ्याला लावला. "चांगला तर दिसून राहिला. तारखेखालची तिथीबी वाचता येते." मग त्याचाच कॅमेरा पुढं करून म्हणाल्या, "आता याच्यावर तुमी लावा."

चंद्रभाननं रिंग फिरवली, मागंपुढं केली, जुळलं असं वाटलं तिथं थांबला. बेबीताईंनी त्यातून पाहिलं आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "हे भुरकट हाये, भाऊ."

लॅबला दोष दिला तसाच आता आपण कॅमेऱ्यालाही देऊन मोकळे झालो, हे त्याच्या ध्यानात आलं. काही न घेता तो बाहेर पडला.

परतीच्या एसटीनं तो बोरगावला उतरला. मनकर्णाबाई अंगणात ज्वारी पाखडत होती. चूक आपली होती, आपल्याला दिसत नाही, एवढं त्यानं उभ्या उभ्याच सांगितलं. तिच्या हातातलं सूप थांबलं.

"त्या पोराले मी चार लोकांत बोलली," ती म्हणाली. "आता तुमीबी चार लोकांतच सांगा."

दुसऱ्या दिवशी शाकीबच्या दुकानात गर्दी असतानाच दोघं गेले. चंद्रभाननं सांगितलं. सगळ्यांना ऐकू गेलं. शाकीबनं हातातलं काम ठेवलं.

"मले मालूम होतं, चंद्रभानभाऊ. निगेटिव्ह माह्याच हातातून जाते. मागचा पडदा चोख अन् नवरी भुरकट, म्हणजे लॅब काय करीन?"

"मंग बोलला कावून नाही?" चंद्रभाननं विचारलं.

"तुमच्या डोळ्याची गोष्ट मी गिऱ्हाइकासमोर काढू काय?"

शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं चंद्रभानला वाटलं. मोर्शीच्या एका लग्नाच्या फोटोंची सुपारी त्याच्या हाती होती. ती दुसऱ्या कोणाला तरी दे, एवढंच तो शाकीबला म्हणाला. बाकावरचा एक माणूस जागा द्यायला सरकला, पण चंद्रभान बसला नाही.

शाकीबनं तोच रोल काढून अगदी लहान प्रिंट केले. तेवढ्या आकारात भुरकटपणा कमी जाणवत होता. धाकटीच्या कपाळावरच्या मुंडावळ्या तरी कळत होत्या. मनकर्णाबाईनं ते पदरानं पुसून बरोबरच्या पिशवीत ठेवले.

"येते, बापू," ती शाकीबला म्हणाली. चंद्रभानला काही म्हणाली नाही.