जास्तीचे अक्षर

"अक्षर जास्त आहे ना? मग सुटली तुझी ताई. पाठव अहवाल," प्रयोगशाळेच्या प्रमुखबाई म्हणाल्या. "दुपारी चौकशी समिती बसतेय."

तंत्रज्ञ जागचा हलला नाही. त्याची थोरली बहीण परिचारिका. तिच्या कक्षातील एक म्हातारी विषाणूने दगावली होती आणि त्याच सुमारास ताईही आजारी पडली होती. घसा खवखवत असताना ती कामावर आली, तिनेच माझ्या आईला मारले, असा म्हातारीच्या मुलीचा आरोप होता. निवाडा आता दोघींच्या नमुन्यांवर होता. विषाणू एका माणसातून दुसऱ्यात जाताना त्याच्या जनुकीय मजकुराच्या तीस हजार अक्षरांतील एखादे क्वचित बदलते. ताईच्या विषाणूत म्हातारीकडचे सारे बदल होते. शिवाय एक नवा, तेच ते जास्तीचे बदललेले अक्षर. अर्थात म्हातारी आधी, ताई नंतर.

"बाई, तिथलं वाचन विरळ आहे. यंत्रानं ती जागा धड वाचलेलीच नाही. परक्याचा नमुना असता तर आपण पुन्हा यंत्रावर लावला असता."

"बहिणीच्या मुळावर उठलायस की काय रे?"

बहिणीच्या नमुन्याला हात लावणार नाही, असे त्याने प्रारंभीच बजावले होते; परंतु यंत्र चालवणारे दुसरे कोणी नव्हते. त्याने ताईला फोन केला. ती इस्त्री करीत होती.

"आहे तसं पाठवलं तर तू सुटतेस."

"आणि तुला काय वाटतं?"

"ते अक्षर खोटं असावं."

"मग मला कशाला विचारतोस, शहाण्या? लाव पुन्हा."

"तुझी नोकरी जाईल, ताई."

"घसा खवखवत होता, हे खरंय. बदलीला कोणी नव्हतं, हेही खरंय. त्यात आणखी खोटं कशाला घालू?"

बाईंनी कपाळाला हात लावला आणि समितीकडून एका दिवसाची मुदत मागून घेतली.

दुसऱ्या वाचनात ती जागा स्वच्छ उमटली. जास्तीचे अक्षर नव्हते.

तो ताईच्या घरी गेला. त्याचा चेहरा पाहताच तिने विचारले, "म्हणजे मीच?"

"तसंही नाही. दोन्ही विषाणू अगदी सारखे निघाले. तू तिला दिलास, तिनं तुला, की तिसऱ्याच कोणी दोघींना, ते यातून कळत नाही."

"कधीच?"

"कधीच."

"अहवालात असं लिहिता येतं?"

"तेवढंच लिहिता येतं."

ताईने चपला पायात सरकवल्या. "चल. समितीच्या आधी त्या म्हातारीच्या पोरीला मीच सांगते."

इस्त्री केलेला गणवेश दाराजवळच्या खुंटीवर होता. त्याला धक्का लागू नये म्हणून ती अंग चोरून बाहेर पडली.