नाचणारं देऊळ

मागच्या शिगम्याला, म्हणजे गोव्याच्या शिमग्याला, साईशने काढलेल्या व्हिडिओत घोडा जागच्या जागी उभा होता आणि मागचं देऊळ उड्या मारत होतं. हे कुणा मित्राने चेष्टेत सांगितलं असतं तर साईश हसून मोकळा झाला असता. पण सांगितलं ते बाबलीने, म्हणजे त्याच्या बापाने, आणि तेही खाटेवर पडल्या पडल्या.

बाबली म्हणजे डिचोलीकडच्या एका वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या, घोडेमोडणीच्या नाचातला पुढचा घोडा. कमरेला बांबूचा सांगाडा, समोर लाकडी घोड्याचं तोंड, एका हातात लगाम, दुसऱ्यात तलवार, पायांत घुंगरं. हा मान त्यांच्या घरात चालत आलेला, आणि बाबलीने तो मिरवला कसा, हे वाड्यावर कुणालाही विचारा. मात्र जरा निवांत वेळ काढून विचारा, कारण सांगणारा लवकर थांबत नाही. त्या वर्षी माघात काजूच्या बागेत पाय घसरला आणि बाबलीचा खुबा मोडला. घोडा थोरल्या परेशच्या कमरेला गेला. देवळापुढच्या मांडावर, म्हणजे खेळाच्या जागी, जायला खडी चढण, तेव्हा बाबलीला घरीच राहणं भाग होतं. धाकटा साईश लग्नाबारशांचे व्हिडिओ काढतो, त्याने छातीठोकपणे सांगितलं, ‘‘बाबा, तुमका सगळो खेळ हांगाच दाखयतां.’’

आणि दाखवला तो असा.

घोळ कुठे झाला ते साईशला कळलं होतं. त्याच्याकडे हातात धरायचा स्टॅबिलायझर होता. वर हलका कॅमेरा, खाली वजनं, मध्ये मूठ. चालताना हात हलला तरी कॅमेरा कलंडत नाही, एवढं काम तो इमानेइतबारे करी. पण कॅमेरा वर-खाली होऊ न देणं हे शेवटी धरणाऱ्याच्या हातात, म्हणजे खरं तर पायांत. आणि साईशचे पाय त्याच मांडावर वाढलेले! ढोलावर काठी पडली की ते मालकाला विचारत नाहीत. घोडा वर गेला की साईश वर, घोडा खाली आला की साईश खाली. दोघांचा ताल इतका जुळला की चित्रात घोडा खिळल्यासारखा उभा राहिला आणि उड्या देवळाच्या वाट्याला आल्या.

‘‘घोडो उबो रे, देऊळ नाचता,’’ एवढंच म्हणून बाबलीने भिंतीकडे तोंड केलं.

यावर तो रागावला असता, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. पण त्या दिवसापासून त्याने घोड्याचं नावच टाकलं. परेश वळण कसं घ्यायचं ते विचारायला आला, तर ‘‘तुमचो तुमी नाचात’’ म्हणाला. ज्या घरात जेवताना, भांडताना, पाहुणे आले असताना घोडेमोडणीच चालायची, त्या घरात आता हवापाण्याच्या गप्पा होऊ लागल्या. खुबा हळूहळू सांधला, बाबली वॉकर धरून अंगणात फिरू लागला, मांडाची चढण मात्र झेपणारी नव्हती, आणि घोड्याबद्दल तर चकार शब्द नाही. साईशच्या जिवाला ते फार लागलं होतं. पुढच्या शिगम्याला बापाला त्याचा घोडा नाचताना दिसलाच पाहिजे, नाहीतर हा माणूस कायमचा भिंतीकडे तोंड करील, अशी त्याला धास्ती बसली.

पेडण्याला एक स्टुडिओवाला धंदा बंद करून दुबईला चालला होता. त्याच्याकडून साईशने अंगात घालायचं जॅकेट आणि त्याला जोडायचा, चालतानाचे धक्के झेलणारा स्प्रिंगांचा हात आणला. जुना स्टॅबिलायझर त्याने टाकला नाही, तोच या हातावर बसवला. पण हा हात जडशीळ कॅमेऱ्यांसाठी केलेला. साईशचा चिमुकला कॅमेरा लावताच तो सुळकन वर आला आणि थेट त्याच्या नाकावर आपटला.

‘‘वजन घाल ताका,’’ त्याची बायको गौरवी हसू दाबत म्हणाली. ती समुद्रकाठच्या मोरजीची. तिच्या भावाने जाळ्याला लावतात ती शिशाची वजनं पिशवीभर पाठवली. ती एकेक करून खाली बांधली, तेव्हा कुठे कॅमेरा छातीसमोर तरंगायला लागला.

मग सराव. गौरवी पायरीवर बसून तांदळाच्या रिकाम्या डब्यावर ढोलाचा ठेका धरायची आणि साईश अंगणात चालायचा. मनाशी एकच घोकणी, पाय नाचवायचे नाहीत. पायांना धाकात ठेवून तो असा चालायचा की तळव्यात काटा मोडलेला माणूस बरा.

‘‘आनी ढोल खरो वाजलो म्हणजे? पाय कोण धरतलो तुजे?’’ गौरवीने विचारलं.

शिगमा आला. मांडावर अनवाणीच जायचं, त्यामुळे साईशही चपला काढून, जॅकेट करकचून बांधून उभा राहिला. पोटासमोर लोखंडी हात, त्यावर कॅमेरा. ‘‘आयज आनीक एक घोडो आयलो रे!’’ कुणीतरी ओरडलं आणि मांड खदखदून हसला. परेशही लाकडी घोड्याआडून हसला.

ढोल घुमला, ताशे तडतडले, गुलाल उडाला. साईशने दात आवळून पाय रोखले. थोडा वेळ रोखलेही. मग कासाळ्यांची, म्हणजे मोठ्या झांजांची, जोड मिळाली आणि पायांनी जुमानलं नाही. ते उचललेच. संपलं सगळं, साईशच्या मनात आलं, यंदाही देऊळ नाचणार. त्याने घाबरत कॅमेऱ्याच्या पडद्याकडे पाहिलं.

देऊळ जागच्या जागी होतं. साईशचं अंग उडत होतं, स्प्रिंगांचा हात खालीवर होऊन ते सगळं पोटात घालत होता, आणि कॅमेरा शांत. पडद्यावर परेशचा घोडा उसळत होता, मान टाकत होता, तलवार लखलखत होती. साईशचा जीव भांड्यात पडला. इतके दिवस आपण पायांना उगाच धाकात ठेवलं, असं वाटून त्याला हसू फुटलं. मग त्याने पाय सोडूनच दिले. गावच्या वेशीपर्यंत आणि तिथून परत, परेशच्या बाजूबाजूने तो मन भरून नाचला. घामाने जॅकेट भिजलं, तळवे पोळले, पण इतका सुखी तो कधीच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने व्हिडिओ टीव्हीवर लावला. बाबली खुर्चीत बसून चहात पावाचा उंडो बुडवून खात होता. घोडे मांडावर आले तसं त्याचं चावणं थांबलं. उंड्याचा भिजलेला तुकडा चहात पडला, तिकडे त्याचं लक्ष गेलं नाही.

‘‘थांबय,’’ तो एकदम म्हणाला. साईशने घाईने रिमोट दाबला.

‘‘फाटीं घे.’’

साईशने मागे घेतलं.

‘‘आनीक फाटीं. हां. परेश खंय आसा?’’

‘‘न्हाता,’’ गौरवी म्हणाली.

‘‘आसा तसो येवंक सांग ताका!’’

परेश कानामागे साबणाचा फेस घेऊन, पंचा सावरत धावत आला. बाबलीने टीव्हीकडे बोट केलं. ‘‘पळय हें. वळताना घोड्याची मान पयली वळपाक जाय, मागीर तूं. तूं आदीं वळटा आनी घोडो फाटल्यान येता, बाजाराक ओढून व्हरपाच्या बोकडासारको! लज दिसना तुका? हो घोडो कोणाचो, जाणा मरे?’’

असा तोंडाचा पट्टा सुरू झाला, तो वर्षभराचं साठलेलं बाहेर आल्यासारखा. पाऊल कसं, कंबर कशी, लगाम कुठे ढिला. शेवटी तोंडाने सांगून भागेना तसा बाबली वॉकर धरून उठला आणि परेशला समोर उभं करून मान कशी टाकायची ते स्वतःच्या मानेने दाखवू लागला. परेश पंच्यावर, ओल्या अंगाने, बापाच्या मागोमाग मान वळवत होता.

साईश रिमोट घेऊन कोपऱ्यात बसला होता. गौरवी त्याच्या कानाशी वाकली. ‘‘इतलो खटाटोप केलो, आनी तुज्या कॅमेऱ्याविशीं कांयच म्हणूंक ना मरे बाबा?’’

‘‘ना,’’ साईश म्हणाला. त्याचा चेहरा आनंदाने फुलला होता. ‘‘एक शब्द म्हणूंक ना.’’

‘‘साईश! गजाली मागीर मार,’’ बाबली खेकसला. ‘‘फाटीं घे!’’