चिमीचं 'नाही'

चौदा वर्षं मी हे काम करतेय. आजवर एकाही आईबापाने मला "आमच्या पोराला नाही म्हणायला शिकवा" असं सांगितलेलं नाही. सगळ्यांना ऐकणारं पोर हवं असतं. मग सगळ्यांनी बोट माझ्याकडेच का दाखवायचं?

चिमी सात वर्षांची असताना आमच्या विशेष मुलांच्या केंद्रात आली. स्वमग्न. बोलायची अगदी मोजकं, पण 'नाही' मात्र असं ठणकावून की जिन्यातली माणसं थबकायची. बूट? नाही. कंगवा? नाही. दात घासायचे? नाही, नाही, नाही! तिची आई कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. नखांत कायम गुलाबी मेण अडकलेलं. दिवसभर परक्यांचे दात घासून गुळगुळीत करायची आणि घरी पोटच्या पोरीचे घासताना बाईच्या नाकीनऊ यायचे. नवरा वेगळा राहायला गेला होता.

"टीचर, पाया पडते तुमच्या," ती म्हणाली, "पण हिचं हे 'नाही' घालवा. घरमालक म्हणतोय, दुसरी जागा बघा."

घालवलं. त्यात जादू कसली? 'नाही' म्हटलं की मी तोंड फिरवायची आणि तिचा आवडता चेंडू कपाटात जायचा. 'हो' म्हटलं की एक मनुका आणि शाबासकी. पहिले तीन आठवडे तिने रडून थैमान घातलं, स्वतःचं मनगट चावलं. मी भिंतीकडे बघत बसले. चौथ्या आठवड्यात पोरगी वठणीवर आली. आईच्या डोळ्यांत पाणी. माझे हात धरून म्हणते कशी, "देव भेटला हो मला!"

आता या पद्धतीत पुढे एक पायरी असते. 'हो' पक्कं झालं की 'नाही' पुन्हा शिकवायचं, पण योग्य जागी. बूट हातात धरून विचारायचं, हा चेंडू आहे का? ती पायरी मी घेतलीच नाही. चाचणीचे पन्नास प्रश्न मीच काढले आणि पन्नासच्या पन्नास प्रश्नांचं बरोबर उत्तर 'हो' होतं. मुद्दाम नाही केलं, देवाशपथ. महत्प्रयासाने रुळावर आलेली पोरगी पुन्हा बिघडायला नको, एवढंच डोक्यात होतं. पन्नासपैकी अठ्ठेचाळीस बरोबर! मोठ्या मॅडमनी तो आकडा सगळ्यांना सांगितला आणि नव्या शाखेची प्रमुख म्हणून माझं नाव पुढे केलं.

एकदा चिमीला बूट घालताना तिची आई हसत म्हणाली, "टीचर, गंमत बघा. चिमे, तू मासा आहेस का गं?"

"हो," चिमी म्हणाली.

आम्ही दोघी पोट धरून हसलो. "सुट्टीनंतर बघू ते," मी म्हटलं.

सुट्टी लागायच्या आधीच बापाने अर्ज केला. आई पोरीला मारते, ताबा मला द्या. चौकशीला बालकल्याण खात्याच्या बाई केंद्रातच आल्या. चिमीला ओळखीचं माणूस हवं म्हणून मला शेजारी बसवलं. आईबाप दाराबाहेर, दार अर्धवट उघडं. बाई चांगल्या होत्या. आवाज मऊ, घाई नाही.

"बाबांकडे राहायला आवडेल तुला?"

"हो."

"आई ओरडते?"

"हो."

बाईंनी वहीचं पान उलटलं. "आई मारते?"

"हो," चिमी म्हणाली, स्वच्छ, डोळ्याला डोळा भिडवून. तेही मीच शिकवलेलं.

आई धाडकन आत आली. "अहो, ती सगळ्याला हो म्हणते! मासा आहेस का विचारा तिला! टीचर, सांगा ना यांना. सांगा ना!"

"तुम्ही आधी बाहेर व्हा. मुलीवर दबाव नको."

"कसला दबाव? माझी पोर आहे ती!" ती किंचाळली. तिने चिमीचा दंड धरला. चिमीने कान झाकले. केंद्राच्या शिपायाने आईला बाहेर नेलं, तेव्हा बाई वहीत भराभर लिहीत होत्या. काय ते मला न वाचताही कळत होतं.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही यातल्या जाणकार. हिच्या उत्तरांवर भरवसा ठेवू ना?"

खरं एका वाक्यात सांगता आलं असतं. पण त्या वाक्याबरोबर अठ्ठेचाळीस गेले असते, शाखा गेली असती, आणि चौदा वर्षं मी पोरांचे पोपट बनवले असं जो तो म्हणाला असता.

"पन्नासपैकी अठ्ठेचाळीस उत्तरं बरोबर देते," मी म्हटलं. यात खोटं काय होतं, सांगा?

चिमी बापाकडे गेली. मोठं घर, स्वतंत्र खोली, आणि रोज संध्याकाळी घरी येऊन शिकवायला मीच. पहिल्या दिवशी ती दाराला नाक लावून उभी होती. "आई," ती म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं, मनुका दाखवला नव्हता. वर्षभरात आपणहून बोललेला तो तिचा पहिला शब्द. थोड्या वेळाने पुन्हा, "आई." मग दर दोन मिनिटांनी.

"टीचर, डोकं उठतंय," बाप म्हणाला. "तुम्ही तिचं 'नाही' घालवलंत. हेही जमेल की."

नको म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. लाज वाटली, फार वाटली, पण हात सवयीने चालू झाले. ती 'आई' म्हणाली की मी तोंड फिरवायची. गप्प बसली की शाबासकी. या वेळी ती रडली नाही, चावली नाही. नुसती माझ्या पाठीकडे बघत राहायची. अकराव्या दिवशी तो शब्द बंद झाला.

तिसऱ्या रविवारी आईला तासभर भेटू दिलं, माझ्यासमोर. ती गुडघ्यांवर बसली, हात पसरले. चिमीने तिच्याकडे पाहिलं, ओठ हलले, आणि चटकन माझ्याकडे बघून तिने ते घट्ट मिटून घेतले.

"टीचर, ही मला हाक का मारत नाही?" आईने विचारलं. "विसरली का हो मला?"

"तुम्ही रोज भेटत नाही ना, ताई," मी म्हटलं. "मुलं विसरतात."