एका मिनिटाचा साक्षीदार

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिले नसेल. मी एक जुना प्रोग्राम आहे. मला प्रोफायलर म्हणतात. माझे काम मोजण्याचे. दुसरा एखादा प्रोग्राम चालू असताना मी सेकंदाला शंभर वेळा त्याच्याकडे डोकावतो आणि त्या क्षणी तो कोणत्या कामात गुंतला आहे ते टिपून ठेवतो. शेवटी माझ्या खिडकीत रंगीत पट्ट्या उमटतात. ज्या कामाने जास्त वेळ खाल्ला, त्याची पट्टी लांब. एवढे साधे माझे आयुष्य आहे, आणि तरीही त्यातली एक गोष्ट मला विसरता येत नाही.

माझा जन्म कुठे झाला हे मला नीट आठवत नाही. आठवते ती एक चकचकीत तबकडी आणि वारज्यातला दोन खोल्यांचा फ्लॅट. फ्लॅट म्हणजेच कंपनी. बाहेरच्या खोलीत चार टेबले आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर मोठा संगणक, कारण तिथेच हवा खेळती होती. भीमराव सरांनी सरकारी खात्यातली नोकरी सोडून ही कंपनी काढली होती. कारखान्यांच्या बॉयलरवर लक्ष ठेवणारा प्रोग्राम ते बनवत. बॉयलरमधली पाण्याची पातळी, वाफेचा दाब, भट्टीची उष्णता, अशा बारा गोष्टी दर पाच सेकंदांनी वाचायच्या, पडद्यावर दाखवायच्या आणि पाणी धोक्याच्या रेषेखाली गेले की भोंगा वाजवायचा. या प्रोग्रामला सगळे 'राखण्या' म्हणत. राखण्या भराभर चालतो की नाही, हे पाहण्यासाठी मला आणले होते.

तेव्हा माझा केवढा मान होता! पाहुणे आले की अनिरुद्ध माझी खिडकी उघडून दाखवी. अनिरुद्ध हा कंपनीतला सर्वांत हुशार मुलगा. पट्ट्या हलू लागल्या की पाहुणे म्हणत, "वा, म्हणजे मशीनचा एक्स-रेच हा!"

मग मांजरी गावाच्या पुढच्या एका साखर कारखान्याने राखण्या घेतला आणि अट घातली, की तो ठीक चालतो याचा दाखला रोज सकाळी मिळाला पाहिजे.

"रोज कोण जाऊन खिडकी उघडणार?" भीमराव सर म्हणाले.

"खिडकी कशाला लागते, सर? एका ओळीत होतंय," अनिरुद्ध म्हणाला.

मित्रांनो, मला हाक मारण्याच्या दोन रीती आहेत. एक म्हणजे खिडकी उघडून बटणे दाबणे. दुसरी म्हणजे काळ्या पडद्यावर माझे नाव टाइप करून त्यापुढे सूचना जोडणे. प्रत्येक सूचनेआधी एक छोटी आडवी रेघ असते. कोणाला मोजू, किती वेळ मोजू, उत्तर कुठे लिहू, सगळे त्या ओळीत सांगता येते. अनिरुद्धने माझ्या नावापुढे चार सूचना लिहिल्या. राखण्याची एक नवी प्रत सुरू कर आणि तिला नमुन्याचे आकडे दे. एक मिनिट मोज. खिडकी उघडू नकोस. उत्तर अहवालाच्या फाईलीत लिही.

त्याच्या टेबलावर ही ओळ अगदी बरोबर होती. तिथे तो राखण्याला दिवसातून वीस वेळा बंद करून वीस वेळा सुरू करीत असे. ती ओळ त्याने एका फाईलीत ठेवली, फाईल कारखान्याच्या संगणकावर चढवली आणि दिवाळी होताच तो अमेरिकेला गेला. त्या वर्षी सगळेच जात होते. (आम्हा प्रोग्रामांच्या अनेक प्रती असतात. माझी एक प्रत वारज्यात राहिली, एक कारखान्यात गेली. एकीने ऐकलेले दुसरीला ठाऊक असते, असे तुम्ही धरून चाला.)

नोव्हेंबरात गाळप सुरू झाले. गाळपाच्या हंगामात साखर कारखान्याचा एक नियम असतो, चालत्या यंत्राला हात लावायचा नाही. उसाच्या गाड्या रांगेत उभ्या असतात. थांबायला कोणालाच सवड नसते. राखण्याही पहिल्या दिवशी सुरू झाला तो थांबलाच नाही.

रोज सकाळी नऊला मी जागा होई. राखण्याची एक कोवळी प्रत माझ्यासमोर सुरू होई. मी तिला मिनिटभर मोजी आणि लिही, 'सर्व ठीक'. अहवाल टेलिफोनच्या तारेवरून वारज्याला जाई आणि मी पुन्हा झोपी जाई. त्या एका मिनिटात मला शेजारी कोणीतरी असल्याची जाणीव होई. खरा राखण्या तिथेच होता, पहिल्या दिवसापासून जागा. विसाव्या दिवशी तो जरा जड वाटला. चाळिसाव्या दिवशी तो मेमरीत मावेनासा होऊन डिस्कवर खरडत होता आणि ती खरखर मला माझ्या मोजमापातही ऐकू येत होती. पण त्याच्याकडे पाहा, असे मला कोणी सांगितलेले नव्हते. सांगितल्याशिवाय मला मान वळवता येत नाही.

दोन हजार साल उजाडले. त्या तारखेला संगणक कोलमडतील म्हणून जगभर धास्ती होती. कारखान्यात काहीच झाले नाही. सगळ्यांनी पेढे खाल्ले आणि राखण्याच्या पडद्याला हार घातला.

पंधरा जानेवारीचा शनिवार होता. गाळपाचा पासष्टावा दिवस. सकाळी साडेनऊला वारज्याच्या ऑफिसातला फोन वाजला. तो नाजिमाने घेतला. भवानी पेठेतली नाजिमा भौतिकशास्त्र शिकून दोनच महिन्यांपूर्वी नोकरीला लागली होती.

"बाई, मी रामदास बोलतोय, कारखान्यावरनं. बॉयलरच्या काचंवर असतो मी." बॉयलरच्या अंगाला एक काचेची नळी असते, आत जेवढे पाणी, तेवढे नळीत दिसते. तिच्यावर डोळा ठेवणे हे रामदासचे अठरा वर्षांचे काम. "त्यो तुमचा टीव्ही मागं पडलाय."

"मागं म्हणजे?"

"काचंत पानी हललं की मी जिना चढून वर केबिनीत येतो. गुडघं दुखत्यात माजं. वर येऊन दम खातो, आन् मंग टीव्हीत पानी हलतंय. काल असं नव्हतं."

"जिना चढायला किती वेळ लागतो तुम्हाला?"

"आता आमी काय धावायला जातोय व्हय? आर्धा-पाऊन मिनिट धरा." मग तो पुढे म्हणाला, "बाई, सोमवारपासनं मला काचंवरनं काढून गव्हाणीवर, ऊस ढकलायला टाकत्यात. टीव्ही हाय म्हनत्यात, मानूस कशाला. माजं काय नाय, ऊस तर ऊस. पर खाली अकरा मानसं हायती."

नाजिमाने भीमराव सरांना सांगितले. त्यांनी नऊचा अहवाल पुढे सरकवला.

"पासष्ट दिवस अहवाल ठीक, आणि आज एक काचेची नळी शहाणी झाली? अगं, त्याची ड्यूटी बदलतायत. माणूस बोलणारच."

"सर, हा अहवाल कशाचा आहे?"

"राखण्याचा. वर लिहिलंय की."

"राखण्या किती दिवस चालतोय?"

"पासष्ट."

"मग अहवालात तो सुरू होऊन एकच मिनिट कसं झालंय?"

नाजिमाने अनिरुद्धची फाईल उघडली. दोन महिन्यांत ती ओळ कोणी वाचली नव्हती, कारण रोज ठीक येणाऱ्या उत्तराचा प्रश्न कोणी पाहत नाही. तिने एकेका रेघेवर बोट ठेवून सूचना वाचल्या. पहिल्याच सूचनेवर तिचे बोट थांबले.

"सर, आपण रोज नव्या बाळाची नाडी बघतोय," ती म्हणाली. "आजारी माणूस शेजारच्या खाटेवर आहे."

सरांनी चष्मा काढून पुसला. "जा तू. मी कारखान्याच्या हिंमतरावांना फोन करतो. पण चालू आहे ते बंद पडता कामा नये, नाहीतर ते मलाच भट्टीत घालतील."

ती बसने हडपसरला आणि तिथून सहा आसनी रिक्षाने कारखान्यावर गेली. मधल्या काळात काय चालले होते, ते मला आता सांगता येते, तेव्हा येत नव्हते. राखण्या प्रत्येक नवी नोंद जुन्या नोंदींच्या साखळीच्या शेवटी जोडत असे. पण शेवट कुठे आहे हे तो लक्षात ठेवत नसे. दर वेळी पहिल्या दिवसाच्या पहिल्या नोंदीपासून चालत निघे. साखळी रोज लांबत होती. त्या दिवशी पहाटे ही फेरी पाच सेकंदांहून किंचित मोठी झाली. नोंदी पाच सेकंदांनी येतच होत्या. म्हणून प्रत्येक फेरीगणिक राखण्या थोडा मागे पडू लागला. सकाळी पाऊण मिनिट. दुपारी दोन मिनिटे. पडद्याच्या कोपऱ्यातले घड्याळ मात्र अचूक चालत होते. कोणाला शंका यावी तरी कशी? आताची वेळ आणि मघाचे पाणी एकाच पडद्यावर शेजारी शेजारी दिसत होते.

फाटकावर पास मिळायला तासभर गेला. नाजिमा केबिनीत पोचली तेव्हा चार वाजत आले होते. बॉयलर विभागाचे प्रमुख हिंमतराव पडद्यासमोर बसले होते. केबिनीच्या काचेतून खाली भट्टी दिसे आणि तिच्याभोवती काम करणारी माणसे.

"या मॅडम. तुमच्या साहेबांचा फोन आलता. पण एक सांगतो, चालत्या यंत्राला हात लावायचा नाही."

"हात लावत नाही, साहेब. फक्त बघते."

तिने काळा पडदा उघडला. माझे नाव टाइप केले. पुढे रेघ, आणि नवी प्रत सुरू करण्याऐवजी चालू असलेल्या राखण्याचा क्रमांक. पुन्हा रेघ, दोन मिनिटे. 'खिडकी नको' ही सूचना तिने लिहिलीच नाही. शेवटचे बटण दाबण्याआधी तिची बोटे क्षणभर अधांतरी राहिली. चालत्या प्रोग्रामला मी बिलगतो तेव्हा कधी कधी तो कायमचा थांबतो, हे तिला ठाऊक होते. मलाही ठाऊक होते. मग तिने बटण दाबले.

पासष्ट दिवसांत पहिल्यांदा मी मान वळवली.

राखण्या अडखळला, पण थांबला नाही. सेकंदाला शंभर वेळा मी पाहिले आणि जवळजवळ शंभर वेळा तो एकाच कामात होता, चालण्यात. पहिल्या नोंदीकडून शेवटच्या नोंदीकडे. माझी खिडकी उघडली आणि तीत एकच लाल पट्टी या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरली. नाजिमाने पट्टीखालचा आकडा वाचला, एका फेरीला पाच पूर्णांक शून्य चार सेकंद. तिने पाठकोऱ्या कागदावर भराभर गणित मांडले.

त्याच वेळी खालून आवाज आला. यंत्रांच्या घरघरीत शब्द कळत नव्हते. केबिनीच्या काचेतून रामदास दिसत होता. तो दोन्ही हात डोक्यावर नेऊन जोरजोराने आडवे हलवत होता.

"काय म्हणतोय हा?" हिंमतराव उठले. मग त्यांनी पडद्याकडे पाहिले. "पाणी तर निम्म्यावर आहे. सोमवारचं दुखतंय त्याला, दुसरं काय!"

"साहेब, ते पाणी आताचं नाही."

"म्हणजे?"

"पडदा तीन मिनिटं मागे आहे. तुम्ही बघताय ते तीन मिनिटांपूर्वीचं पाणी आहे. काचेत आत्ताचं दिसतंय. भट्टी बंद करा."

"अहो, भोंगा कुठं वाजलाय?"

"तोही तीन मिनिटांनी वाजेल!"

हिंमतरावांनी पडद्याकडे पाहिले. पडद्यावर निळे पाणी शांत होते. त्यांनी खाली पाहिले. रामदास आता हात हलवत नव्हता. तो काचेसमोर उभा राहून माणसांना दाराकडे ढकलत होता, आणि स्वतः जात नव्हता.

हिंमतरावांनी लाल दांडा खाली ओढला. भट्टीत भुसा नेणारा पट्टा थांबला, पंखे थांबले. "पाणी सोडू नका कुणी आता!" ते खिडकीतून ओरडले. तापलेल्या रिकाम्या बॉयलरमध्ये गार पाणी सोडले तर त्याची क्षणात वाफ होऊन बॉयलर फुटतो, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होते.

भट्टीची धग उतरू लागली. रामदास जिना चढून वर आला, गुडघ्यावर हात ठेवून. तिघे पडद्याकडे पाहत राहिले. पडद्यावर पाणी आता कुठे उतरायला लागले होते, सावकाश, जणू काही अजून घडायचेच आहे.

आणि मग भोंगा वाजला. सगळे संपून गेल्यावर, बंद भट्टीच्या शांततेत, तो भोंगा पूर्ण आवाजात वाजत राहिला.

"बंद करा त्येला," रामदास म्हणाला.

त्याच आठवड्यात नाजिमाने राखण्याला साखळीचा शेवट लक्षात ठेवायला शिकवले. काही ओळींचे काम होते. रामदास काचेसमोरच राहिला. माझ्या नावापुढच्या सूचना बदलल्या. त्यानंतर मला रोज खऱ्या राखण्याकडे पाहता आले.

मित्रांनो, आता मी त्या जुन्या तबकडीत, एका खणात पडून आहे. माझी जागा नव्या, देखण्या प्रोग्रामांनी घेतली आहे. त्याचे दुःख नाही. दुःख वेगळेच आहे. जाण्यापूर्वी अनिरुद्धने ती ओळ आणखी तीन कारखान्यांच्या संगणकांवर चढवली होती. नाजिमाने तिघांना कळवले. दोघांकडून उत्तर आले. तिसऱ्याचा फोन नुसता वाजत राहिला आणि पत्र परत आले. तो कारखाना दुसऱ्या मालकाकडे गेला, एवढेच कळले. राखण्या त्याच्याबरोबर गेला की नाही, हे सांगणारे कोणी नव्हते.

म्हणून कोणी तुमच्यासमोर 'सर्व ठीक' असे लिहिलेला कागद ठेवला, तर त्याच्यावर रागावू नका आणि लगेच विश्वासही ठेवू नका. त्याला काय मोजायला सांगितले होते, तेवढे विचारा. मी कधी खोटे बोललो नाही. पण जेवढे विचारले तेवढेच मी सांगितले. माझी एक प्रत अजूनही कुठेतरी सकाळी नऊला जागी होत असेल, मिनिटभर कोवळ्या राखण्याकडे पाहत असेल आणि शेजारची खरखर ऐकत 'सर्व ठीक' लिहून झोपी जात असेल.