रुसला नव्हता हो दिवा!

मी पोतोसीच्या चांदीच्या डोंगरातला एक जुना पितळी दिवा आहे. मित्रांनो, आज मी असा हादरलोय की काय सांगू!

माझ्या पोटात कार्बाइडचे खडे असतात. त्यांवर पाणी ठिबकलं की वायू निघतो आणि माझ्या सुईएवढ्या तोंडाशी जळतो. खाणीतली हवा बिघडली, की माणसाला कळायच्या आधी माझी ज्योत मान टाकते. माझा धनी फ्लोरेन्सिओ रोज तारेने माझं तोंड साफ करायचा. ज्योत खाली बसली, की हातातली पहार टाकून माघारी फिरायचा. "घरात बायकोचं आणि खाणीत दिव्याचं ऐकावं," म्हणायचा. म्हातारा होऊन आपल्या अंथरुणात गेला तो. खाणीत राबणाऱ्यांत असं मरण किती जणांना लाभतं?

त्याची लेक विल्मा पाहुण्यांना खाण दाखवते. तिच्या डोक्यावर विजेचा दिवा. मी कमरेला, शोभेपुरता पेटवलेला. तोंडात काजळी साचली. मी कुठेही फुरफुरायचो, मिणमिणायचो. "रुसला म्हातारा!" म्हणत ती मला टिचकी मारायची आणि पाहुणे हसायचे.

आज सकाळी तिच्या आईने, बासिलियाने, मला मांडीवर घेतलं.

"अगं, बापाचा दिवा हा. तोंडात काजळी कोंबायची आणि वर त्यालाच रुसका म्हणायचं?"

"आई, सोड ना! सुक्रेची माणसं खोळंबलीत."

आईने तार घातलीच.

सुक्रेहून दिवसभरासाठी आलेलं जोडपं होतं, रामिरो आणि लुक्रेसिया. खाणीतल्या मातीच्या देवाला इथे सगळे काकाच म्हणतात. काकाच्या तोंडात सिगारेट पेटवून देऊन आम्ही पुढे निघालो. "त्या बोळात एक फोटो काढू," रामिरो म्हणाला. दहा पावलं गेलो असू. माझी ज्योत बसली.

"रुसला म्हातारा!" टिचकी. हशा.

मी थिजलो. आता तर मी खरं बोलत होतो!

लुक्रेसिया भिंतीला टेकून खाली बसली. "काही नाही, उंचीची चक्कर," विल्मा म्हणाली, "कोकाची पानं चघळा, ताई."

तेवढ्यात मी विझलो. पुन्हा टिचकी मारायला आलेलं तिचं बोट हवेतच राहिलं.

"आईने तर सकाळीच साफ केला होता..." तिचा चेहरा पांढराफटक पडला. "मागे फिरा! आत्ताच्या आत्ता!"

"अहो, एकच फोटो..."

"फोटो गेला खड्ड्यात! बायकोला उचला आधी!"

उघड्यावर आल्यावर लुक्रेसियाच्या ओठांवर हळूहळू रंग परतला. रामिरो तिचे हात चोळत राहिला. विल्मा दगडांच्या ढिगावर मला मांडीत घेऊन बसली.

"आजवर किती वेळा खरं बोलला असशील रे तू?" तिने विचारलं.

मित्रांनो, ते मलाही सांगता येत नाही. म्हणून एवढंच मागतो: जुन्या वस्तू नुसत्या मिरवू नका, त्यांना साफ ठेवा. मग आम्ही गप्प झालो, तरी तुम्हाला ऐकू येईल.